पानापासून कंदापर्यंत : तणनाशकाचे फॉर्म्युलेशन आणि रायगडच्या किनाऱ्यावरचे तण

तणनाशकाला तणाच्या अंगात दोन कामे करावी लागतात. आधी पानाच्या किंवा कोंबाच्या बाहेरच्या थरातून आत शिरायचे, आणि मग तिथून वाढीच्या टोकापर्यंत, मुळापर्यंत, कंदापर्यंत पोचायचे. वरवर पाहता ही दोन्ही एकाच वाटेवरची कामे आहेत. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा एकमेकांच्या आड येतात. तेलकट स्वभावाचा रेणू पानावरच्या मेणात चटकन शिरतो आणि बरेचदा तिथेच अडकून राहतो. पाण्यात विरघळणारा रेणू रसाबरोबर लांबवर जाऊ शकतो, पण मेणाच्या थराबाहेरच ताटकळतो. कारखान्यात तयार झालेल्या मूळ रसायनाला क्षार, एस्टर, पाण्यात मिसळणारा तेलकट द्रव, भुकटी किंवा दाणे अशा ज्या रूपात बाजारात आणतात त्याला फॉर्म्युलेशन म्हणतात. या दोन कामांतली तडजोड तिथेच होते. म्हणून तणनाशकाचे नुसते नाव पाहून ते वापरणे अपुरे आहे. ते कोणत्या रूपात आहे, आणि ते रूप आपल्या हवेत, आपल्या पाण्यात, आपल्या तणावर कसे वागेल, हे पाहिल्याशिवाय फवारणीचा हिशेब पुरा होत नाही.

रायगडच्या किनारपट्टीवर हा हिशेब विशेष गुंतागुंतीचा होतो. जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. पेण, उरण, अलिबाग, पनवेल या भागांत खाडीच्या काठाने बांध आणि उघाड्यांनी, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारांनी, राखलेली खारजमीन आहे. तिच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्याची भातखाचरे आहेत. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल होतो, आणि अलिबाग तालुक्यात पांढरा कांदा होतो, ज्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन इथे नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. खाचरात पाखड आणि माका, कांद्याच्या वाफ्यात लव्हाळा, बांधावर हरळी, वाडीत केना, माळावर रानमोडी असा तणांचा पसारा आहे, आणि यांतल्या प्रत्येकाच्या पानाची घडण वेगळी आहे.

तणाचा बंदोबस्त पूर्वी येथे दोन वाटांनी होत असे. दाढीच्या, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या, जागेवर पाला, गवत आणि शेण पसरून पावसाआधी राब भाजत. त्याने मातीच्या वरच्या थरातले तणाचे बी मरत असे. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाल्यावर माणसे वाकून बेणणी, म्हणजे खुरपणी, करीत. राबाला लागणारा पाला आता मिळत नाही आणि बेणणीला माणसे मिळत नाहीत. पनवेल आणि मुंबई इतक्या जवळ असताना कोणी त्या मजुरीला राहावे, असा आग्रह धरता येत नाही. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात तर नांगरणी आणि चिखलणीच गाळली आहे. गादीवाफ्यावर भात टोकायचा आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची, असे ते तंत्र आहे. जमिनीचा पोत आणि मजुरी या दोन्ही अंगांनी त्याचे फायदे मोठे आहेत. पण चिखलणीने होणारा तणाचा नाश त्यात होत नाही, त्यामुळे तणनाशकावर अधिक भार पडतो. असा भार ज्यावर टाकायचा ते कसे काम करते हे नीट कळलेच पाहिजे, या हेतूने हे विवेचन आहे.

बाटलीवरचा आकडा

बाटलीवरच्या टक्केवारीपासूनच घोटाळा सुरू होतो. ग्लायफोसेट आपल्याकडे प्रामुख्याने दोन रूपांत मिळते. एक ४१ टक्के एसएल, म्हणजे आयसोप्रोपिल अमाइन क्षाराचे पाण्यातले द्रावण. दुसरे ७१ टक्के एसजी, म्हणजे अमोनियम क्षाराचे विरघळणारे दाणे. तण मारतो तो क्षार नव्हे, त्यातला आम्लाचा भाग. आयसोप्रोपिल अमाइनचा रेणू जड असल्यामुळे एका लिटर द्रवात आम्ल साधारण ३६० ग्रॅम भरते, तर एक किलो दाण्यांत ते ६४० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे शंभर ग्रॅम दाणे हे सुमारे १८० मिलिलिटर द्रवाच्या तोडीचे. या दोहोंत मात्रा एकास एक धरणारा माणूस एकतर उपाशी मात्रा देतो किंवा जवळजवळ दुप्पट देतो.

दुसरा भेद आकड्यात दिसतच नाही. द्रवरूपात पानावर पसरवणारा आणि आत शिरायला मदत करणारा घटक बहुधा बाटलीतच मिसळलेला असतो. दाण्यांत तो किती आहे, आहे की नाही, हे उत्पादनागणिक बदलते. आम्लाची मात्रा तंतोतंत सारखी ठेवूनही दोन फवारण्यांचे परिणाम वेगळे दिसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा या अनामिक घटकात असते.

थेंब आणि मेण

पानाच्या बाहेरच्या बाजूला क्युटिकल नावाचे आवरण असते. त्याच्या सर्वांत वर मेणाचे बारीक स्फटिक, त्याखाली मेणात बुडालेले क्युटिन, आणि अगदी आत पेशीभित्तीला लागून पेक्टिन असते. वरचा भाग पाण्याला झिडकारतो, तर आतला पाणी धरतो. पाखडीसारख्या गवताच्या पानावर मेणाचे स्फटिक दाट असतात आणि पान उभे असते. अशा पानावर साध्या पाण्याचा थेंब गोळा होऊन घरंगळतो. माक्याचे पान आडवे आणि मऊ, त्यावर थेंब टिकतो, पण केसांमुळे काही वेळा तो पृष्ठभागाला न टेकता केसांवरच अधांतरी राहतो.

पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. चांगला पृष्ठसक्रिय घटक, ज्याला आपण बोलण्यात स्टिकर म्हणतो, तो हा ताण ३० च्या आसपास आणतो. सिलिकॉनयुक्त घटक तो २० ते २२ पर्यंत उतरवतो, आणि मग द्रावण पानाच्या रंध्रांतूनही थेट आत ओढले जाते. पण ताण जितका कमी तितके बरे असे मात्र नाही. पावसाळ्यात पान आधीच ओले असते. त्यावर अति पसरणारे द्रावण पडले की थेंब एकमेकांत मिसळून पानाच्या टोकावरून गळून जातात. शिवाय पातळ पसरलेला थर लवकर सुकतो. ग्लायफोसेटच्या बाबतीत तर कमी पाण्यात केलेले घट्ट थेंब अधिक उपयोगी पडतात, कारण आत झिरपण्याचा वेग थेंब आणि पान यांच्यातल्या संहतीच्या फरकावर अवलंबून असतो. पान निथळेपर्यंत भिजवण्याची आपली सवय कीटकनाशकाच्या फवारणीतून आलेली आहे, ती इथे सोडावी लागते.

हवेतली आर्द्रता या टप्प्यावर फार मोठे काम करते. पाण्यात विरघळणारे क्षार मेणाच्या थरातल्या अतिसूक्ष्म जलमार्गांनी आत जातात, आणि ते मार्ग क्युटिकल ओले असताना खुले असतात. थेंब सुकून क्षाराचे स्फटिक झाले की शोषण थांबते. हवा दमट असली तर स्फटिक पुन्हा ओल धरतात आणि शोषण पुढे चालू राहते. रायगडच्या पावसाळी हवेत म्हणूनच क्षाररूप तणनाशके मराठवाड्यापेक्षा अधिक आत शिरतात. अडचण असते ती पावसाच्या सरींची. ग्लायफोसेटच्या साध्या द्रवाला सहा तास तरी उघडीप लागते. जुलैत ती मिळेलच असे कोणी सांगू शकत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात नेमके उलटे घडते. पाऊस नसतो, पण दुपारी थेंब पाहता पाहता सुकतो. त्या दिवसांत सकाळची फवारणी सरस ठरते. खारजमिनीतली तणे याहून चिवट असतात. क्षाराच्या आणि पाण्याच्या ताणाखाली वाढलेले पान मेणाचा थर जाड करते, त्यामुळे गोड्या खाचरात पुरणारी मात्रा खाजणाच्या कडेला तोकडी पडते.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्यात याच मेणाचा उपयोग पिकाच्या रक्षणासाठी होतो. कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन हे तणनाशक २३.५ टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळणारा तेलकट द्रव, या रूपात वापरतात. कांद्याची पात उभी, गोल आणि मेणचट असते, तिच्यावर थेंब कमी टिकतात. कोवळ्या रुंद पानाचे तण त्याच फवारणीत करपते. म्हणजे पीक वाचते ते मुख्यत्वे थेंब न धरल्यामुळे. आता अशा फवारणीत कोणी हौसेने स्टिकर घातला, किंवा ढगाळ हवेत मेण पातळ राहिलेल्या पातीवर ती केली, की पातीवर पांढरे डाग आणि करपा हमखास दिसतो. ईसी रूपातले सेंद्रिय द्रावक स्वतःच मेण मऊ करतात, म्हणून हा धोका त्या रूपात अधिक. अमेरिकेत याच रसायनाचे पाण्यावर आधारलेले निलंबित रूप कांद्यासाठी वापरात आले, ते याच कारणाने. तणाला आत शिरू देणारा घटक पिकालाही आत शिरू देतो. पानावर मारलेल्या कोणत्याही निवडक तणनाशकात ‘आणखी थोडे’ काही मिसळण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

आत गेल्यावर

पेशीभित्तीपर्यंत पोचलेल्या रसायनापुढे दोन वाटा असतात. एक मुळाकडून पानाकडे वर जाणाऱ्या पाण्याची, दुसरी पानातली साखर गरज असेल तिथे नेणाऱ्या अन्नरसाची. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडले की अन्नरस दाबाच्या फरकाने वाहतो. साखर तयार होते तिथे दाब जास्त आणि खर्ची पडते तिथे कमी. तणनाशकाला मुळापर्यंत जायचे तर या प्रवाहातच शिरावे लागते, आणि प्रवाह जिकडे जात असेल तिकडेच जावे लागते. त्याला स्वतःची दिशा नसते.

या प्रवाहात रेणू टिकून कसा राहतो, ते 2,4-डी या तणनाशकाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. हे दुर्बल आम्ल आहे. पेशीभित्तीतल्या द्रवाचा सामू साधारण साडेपाच असतो. तिथे याच्या दर हजार रेणूंतले दोनेक रेणू विद्युतभाररहित असतात, आणि तेच पेशीच्या पटलातून आत जाऊ शकतात. अन्नरसाचा सामू आठच्या जवळ असतो. तिथे भाररहित रेणू दहा लाखांत पाच-सहाच उरतात. बाहेर पडण्याची वाट अशी जवळजवळ बंद झाल्यामुळे रेणू आत साठत जातो आणि रसाबरोबर वाहून जातो. ग्लायफोसेट पाण्यात इतके विरघळते की पटलातून त्याची ये-जा मुळातच संथ असते. पेशीत ते काही अंशी फॉस्फेटच्या वाहकांवरून शिरते, आणि एकदा आत गेले की सहजी बाहेर पडत नाही.

2,4-डीच्या रूपांची तुलना फार बोलकी आहे. भारतात त्याचा सोडियम क्षार ८० टक्के भुकटीत, अमाइन क्षार ५८ टक्के द्रवात आणि इथिल एस्टर ३८ टक्के ईसीत मिळतो. एस्टर तेलकट असल्याने मेणातून वेगाने शिरतो. फवारणीनंतर तासाभरात पाऊस आला तरी त्याचे बरेचसे काम झालेले असते. आत गेल्यावर तणातलीच विकरे त्याचे एस्टरबंध तोडून मूळ आम्ल मोकळे करतात, आणि मग ते आम्ल वर सांगितल्याप्रमाणे रसात अडकून प्रवास करते. शिरण्यासाठी एक रूप आणि प्रवासासाठी दुसरे, अशी ही सोय आहे. मला ती फॉर्म्युलेशनशास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. भातातल्या गवतवर्गीय तणावरचे सायहॅलोफॉप ब्युटिल याच तत्त्वावर चालते.

या सोयीला मोल आहे. एस्टर वेगाने आणि जास्त प्रमाणात आत शिरला तर ज्या पेशींनी रस वाहून न्यायचा त्यांनाच तो आधी इजा करतो. पान मुरडते, पिवळे पडते आणि अन्नरसाचा प्रवाह तुटतो. वार्षिक तणाच्या रोपट्याला हे पुरते, कारण त्याच्याकडे खाली साठवलेले काही नसते. बहुवार्षिक तणाचे मात्र वरचे पान जळते आणि मूळ शाबूत राहते.

पॅराक्वाट हे याचे टोकाचे उदाहरण. ते धनभारित असते, अर्ध्या तासात पानाला चिकटते आणि उन्हात काही तासांत पेशी फोडते. दुसऱ्या दिवशी बांध तांबडा दिसतो. हरळी पंधरवड्यात परत फुटते. संध्याकाळी उशिरा फवारले तर सूर्य उगवेपर्यंत ते पानात थोडे सरकते आणि परिणाम किंचित सुधारतो, पण मुळापर्यंत जाण्याची त्याची कुवतच नाही. माणसाच्या पोटात गेले तर त्यावर उतारा नाही, ही गोष्ट त्याच्या प्रत्येक उल्लेखाबरोबर सांगितली पाहिजे.

भातातले बिस्पायरीबॅक सोडियम १० टक्के एससी, म्हणजे निलंबित द्रव, याच्या दुसऱ्या टोकाला बसते. आवणीनंतर पाखडीला दोन ते पाच पाने असताना हेक्टरी २० ते २५ ग्रॅम सक्रिय घटक एवढ्या थोड्या मात्रेत ते पडते. खाचरातले पाणी काढून पान उघडे करावे लागते आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी भरावे लागते. रेणू वाढीच्या टोकाकडे जातो आणि तिथली अमिनो आम्ले बनवण्याची क्रिया थांबवतो. आठवडाभर तण हिरवेच दिसते. ‘औषध लागले नाही’ म्हणून चौथ्या दिवशी दुसरी फवारणी करणारे शेतकरी आहेत. त्यांचे पैसे आणि कष्ट दोन्ही वाया जातात. तण किती लवकर करपले यावरून तणनाशकाची पारख करणे ही आपल्या शेतीतली फार महागडी चूक आहे, कारण मुळापर्यंत जाणाऱ्या औषधाने पानाला काही दिवस जिवंत ठेवणेच आवश्यक असते.

लव्हाळ्याचा कंद

लव्हाळ्यावर थोडे थांबावे लागेल. जमिनीखाली त्याच्या गाठी बारीक तंतूंनी एकमेकींना साखळीत जोडलेल्या असतात. साखळीतल्या एक-दोन गाठींना कोंब फुटतो आणि त्या बाकीच्यांना झोपवून ठेवतात. वरून ग्लायफोसेट फवारले की ते साखरेबरोबर खाली उतरते, पण साखर जाते ती वाढत्या गाठीकडे. झोपलेली गाठ काही मागत नाही, म्हणून तिच्याकडे साखर जात नाही आणि औषधही जात नाही. पुढची गाठ मेली की झोपलेली जागी होते. महिन्याभरात वाफा पुन्हा हिरवा होतो, आणि शेतकरी म्हणतो, औषध भेसळीचे होते. क्वचित तसेही असेल. बहुतेक वेळा औषध जिथे जाऊ शकत होते तिथे गेलेले असते.

यावर मात्रा वाढवून काही साधत नाही. पानातल्या पेशींवर ग्लायफोसेटचा मारा जास्त झाला की साखरेची निर्मिती आणि निर्यात मंदावते, म्हणजे औषध आपल्याच वाहनाची चाके अडवते. पहिल्या एक-दोन दिवसांत जे खाली उतरले ते उतरले. तीव्र स्टिकर घालून पान लवकर करपवले तर हा अवधी आणखी घटतो. याच्या उलट मार्ग अधिक फलदायी आहे. पाने चांगली फुटलेली आणि नव्या गाठी भरत असलेली वेळ साधायची, मध्यम मात्रा द्यायची, आणि उरलेल्या गाठी फुटून पाने पुरेशी झाली की त्यांना पुन्हा गाठायचे. फवारणीच्या आधी आठवडाभर कुळव किंवा खुरपे घालू नये, कारण त्याने साखळी तुटते. सुट्या गाठी जाग्या होतात हे खरे, पण पान आणि गाठ यांच्यातली वाटही तुटते. भात कापल्यावर, कांद्याची लागवड करण्यापूर्वी मिळणारा मोकळा अवधी या दृष्टीने मोलाचा आहे. जमीन ओली असते, पाऊस सरलेला असतो, आणि बहुवार्षिक तणे पुढच्या कोरड्या महिन्यांसाठी अन्न खाली साठवू लागलेली असतात. ग्लायफोसेटवर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरण्याचे बंधन घातले होते. म्हणून वापराआधी सध्याचा नियम कृषी कार्यालयात विचारून घेणे योग्य.

पंपातले पाणी

किनाऱ्यावरच्या विहिरींच्या पाण्याकडे कोणाचे लक्ष नसते, आणि निम्मे अपयश तिथे दडलेले असते असे माझे मत आहे. ग्लायफोसेटचा रेणू धातूंना घट्ट धरतो. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असले, किंवा जांभ्याच्या पट्ट्यातल्यासारखे लोह असले, की त्यांच्याशी त्याची जोडी जमते आणि असे क्षार पानात फार कमी शिरतात. थेंब पानावर सुकत असताना ही संहती आणखी वाढते. 2,4-डीच्या अमाइन क्षाराचाही कठीण पाण्यात साका बसतो. एस्टरला या पाण्याचा विशेष त्रास नाही.

अमोनियम सल्फेट हा यावरचा चांगला सिद्ध झालेला उपाय. लिटरला १० ते २० ग्रॅम आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचे आणि मग ग्लायफोसेट घालायचे. सल्फेट कॅल्शियमला बांधून घेते आणि अमोनियम ग्लायफोसेटशी जोडी करते. ती जोडी पानात सहज शिरते. क्रम उलटा केला तर जोड्या आधीच चुकीच्या जमलेल्या असतात. पंपात मिठाची मूठ टाकण्याची रीतही दिसते. तिने कॅल्शियम हटत नाही, उलट सोडियमची भर पडते. युरियाने क्युटिकल काहीसे सैल होते, पण पाण्याची कठीणता जशीच्या तशी राहते. कपडे धुण्याची पावडर तर टाळावीच. तिच्यातला ऋणभारित साबण कॅल्शियमशी मिळून साका धरतो, आणि पॅराक्वाटच्या धनभाराशी जुळून त्यालाही निकामी करतो. तळ्याचे गढूळ पाणी ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट दोहोंना मारक असते, कारण दोन्ही चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. पावसाळ्यात पत्र्याच्या पागोळीचे पाणी पिंपात धरून ठेवावे. रायगडात तेवढे पाणी कोणालाही फुकट मिळते आणि फवारणीला त्याहून चांगले पाणी नाही.

उभ्या पाण्यातले औषध

उगवणीपूर्वीच्या तणनाशकांत पानाचा प्रश्न येत नाही. प्रेटिलाक्लोर आणि ब्युटाक्लोर मुख्यत्वे उगवत्या कोंबातून शोषली जातात, मुळातून कमी. ती मातीच्या वरच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या थरात टिकली पाहिजेत. दाणेदार ब्युटाक्लोर किंवा वाळूत कालवलेला ईसी द्रव तीन-चार सेंटिमीटर स्थिर पाण्यात फेकल्यावर सारखा पसरतो आणि हळूहळू चिखलावर बसतो. आवण झालेल्या रोपाची मुळे त्या थराच्या खाली असतात, म्हणून ते वाचते. तीन दिवस खाचराचे पाणी बांधावरून फुटता कामा नये, आणि कोकणातल्या जुलैत नेमके तेच अवघड असते. सरीचा जोर पाहून तिथे दिवस निवडावा लागतो.

पेरभातात बी वरच असल्यामुळे हा बचाव नाही. त्यासाठी प्रेटिलाक्लोरच्या ३०.७ टक्के ईसी रूपात फेनक्लोरिम हा रक्षक घटक घातलेला असतो. तो भातातल्या विकरांना चेतवतो आणि भात ते विष लवकर मोडून टाकतो. तणात हा परिणाम पुरेसा होत नाही. ५० टक्के ईसीत हा घटक नसतो. आवणीच्या भाताची बाटली पेरभातावर ओतली तर रोपेच उगवत नाहीत, मग नाव दोन्ही बाटल्यांवर एकच असले तरी. सगुणा पद्धतीत वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिफ्लोरफेनचे तत्त्व आणखी साधे आहे. हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीच्या पृष्ठावरच राहतो आणि तणात फारसा फिरतही नाही. कोंब त्या थरातून वर येताना उन्हात करपतो. टोकलेले बी खोलवर असते. न नांगरलेल्या जमिनीत तो थर अभंग राहतो, म्हणून ही जोडी जमते. वाफ्यावरून चालून तो थर तुडवला की पावलांच्या खुणांमधून तण उगवते.

वारा आणि मासळी

एस्टरचा एक दोष किनाऱ्यावर दुणावतो. 2,4-डीचा इथिल एस्टर उन्हात वाफ होऊन उडतो, फवारणी संपल्यानंतरही. सकाळ सरता सरता खारा वारा सुटतो आणि वाफ जमिनीच्या बाजूला नेतो. रात्री मतलई वारा तिला उलट नेतो. वाल, कलिंगड, टोमॅटो यांना तिची लेशमात्र झळही मुरडून टाकते. वस्ती आणि भाजीपाला जवळ असेल तिथे शिरण्यात थोडा कमी पडला तरी अमाइन किंवा सोडियम क्षारच घ्यावा. वाड्यांमध्ये कोवळ्या सुपारीचे हिरवे खोड हेही शोषणारे अंग आहे, हे ग्लायफोसेट मारताना लक्षात येत नाही. तिथे फवारा खोडावर उडू नये म्हणून तोटीवर टोपी हवी.

मासळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. ग्लायफोसेटच्या अनेक जुन्या द्रवरूपांत पानात शिरण्यासाठी चरबीपासून केलेले एथॉक्सिलेटेड अमाइन वापरले जाते. माशांना आणि बेडकांना हे घटक मूळ ग्लायफोसेटपेक्षा अधिक विषारी असतात, कारण पानाचे आवरण सैल करणारा पदार्थ कल्ल्यांच्या नाजूक पडद्यालाही इजा करतो. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांत हा घटक वापरण्यास बंदी केली. अमेरिकेत पाणवठ्यांसाठी परवाना असलेली ग्लायफोसेटची रूपे अशा घटकाविना मिळतात. पेण-अलिबागच्या पट्ट्यात खाचरांच्या शेजारी जिताडा माशाचे तलाव आहेत, आणि उघाड्यांतून पाणी खाडीत जाते. तिथे तलावाच्या काठावर साधे ४१ टक्के द्रव फवारणे मला मुळीच मान्य नाही. मूळ रेणू मातीला चिकटून निष्क्रिय होतो हा युक्तिवाद अशा वेळी केला जातो, पण तो त्या रेणूपुरता खरा आहे, बाटलीतल्या बाकीच्या घटकांबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय तलावाच्या आणि खारबांधाच्या उतारावर मुळापर्यंत जाणारे औषध नकोच असते. तिथले गवत विळ्याने कापावे आणि हरळीची मुळे जिवंत ठेवावीत, कारण भरतीच्या पाण्यापुढे बांधाची माती तीच धरून ठेवतात.